चूल नसलेल्या खोलीतलं जेवण: इंदूरला लॉजवर राहणाऱ्यांसाठी

बाबांना इंदूरला शेक (म्हणजे रेडिएशन) द्यायचे ठरले, तेव्हा शिरपूरहून आम्ही हॉस्पिटलच्या फायली, दोन बॅगा आणि आईने भरून दिलेला दशम्यांचा डबा घेऊन निघालो. जबड्याला 30 शेक होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे पुरे सहा आठवडे. सरवटे बसस्टँडला लागून असलेल्या छोटी ग्वालटोलीत एका लॉजवर खोली घेतली. दोन पलंग, एक टेबल, पंखा, खिडकीत कूलर. फ्रिज नाही, ओटा नाही.

पहिला आठवडा खालच्या भोजनालयात जेवून काढला. दुसऱ्या आठवड्यात बाबांचं तोंड आलं. एका रात्री त्यांनी शेवभाजीचं ताट न बोलता बाजूला सारलं आणि नुसतं पाणी प्यायले. जेवणाऱ्या माणसाने ताट सारलं की घरच्यांच्या पोटात कसं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्या रात्रीनंतर पुढचा महिना मी त्या खोलीत जेवण केलं, गॅस, शेगडी, इंडक्शन यातलं काहीही न वापरता. भोजनालयात दोघांचे दिवसाला 500 रुपयांच्या आसपास जात होते, ते 200 च्या आत आले. पण खरा फायदा हा की बाबा जेवू लागले.

खानदेशातून, बऱ्हाणपूर-खंडव्याकडून कितीतरी मराठी माणसं अशीच इंदूरला येतात. कुणी एमवाय या सरकारी हॉस्पिटलात किंवा खासगी हॉस्पिटलात पेशंट घेऊन, कुणी भंवरकुआच्या क्लाससाठी खोली मिळेपर्यंत, कुणी पिथमपूरच्या कंपनीत ट्रेनिंगला. चार दिवस बाहेरचं चालतं, पंधरा दिवस झाले की पोट आणि खिसा दोन्ही बोलायला लागतात. त्यांच्यासाठी हे सगळं जसं केलं तसं लिहिते आहे.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. चुलीवर न चढवता होणारं जेवण आपल्या घरात आधीपासून आहे. दडपे पोहे, दहीपोहे, सातू, कोशिंबिरी, मेतकूट, बाळाचं खिमट. भिजवणं, कालवणं, दडपणं आणि वर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवणं, एवढ्यावर महिना निघतो. खोलीत चोरून शेगडी पेटवायची काही गरज नाही.

सामान काढायच्या आधी मॅनेजरशी बोला

खोली घेतानाच सरळ विचारा: "भैया, साथ में मरीज है, पानी गरम करने की केटल चला सकते हैं?" पेशंट सोबत असला तर बहुतेक जण हो म्हणतात. केटलला हो आणि इंडक्शनला नाही, हे उत्तर जवळपास ठरलेलं असतं, आणि ते योग्य आहे. जुन्या लॉजचं वायरिंग तेवढा भार सोसत नाही. वीजबिलावरून कुरकुर झाली तर हिशेब सांगा: एक लिटर पाणी उकळायला साधारण 0.1 युनिट लागतं. दिवसात दहा वेळा उकळलं तरी एक युनिट. मी दर आठवड्याला वेगळे 50 रुपये देऊ केले आणि विषय मिटला.

आणखी एक विचारून घ्या, अंडी चालतात का. इंदूरमध्ये बरेच लॉज आणि धर्मशाळा कडक शाकाहारी असतात. नंतर वाद नको. धर्मशाळेत उतरणार असाल तर सामायिक स्वयंपाकघर आहे का तेही विचारा. काही ठिकाणी असतं, आणि तसं असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही.

केटल आणि सॉकेट

इथे घाई करू नका. बाजारात मिळणारी दीड लिटरची केटल बहुधा 1500 वॅटची असते. 230 व्होल्टला ती साडेसहा अँपिअर ओढते. खोलीतलं मोबाइल चार्जिंगचं छोटं सॉकेट 6 अँपिअरचं. म्हणजे ते पहिल्याच दिवसापासून मर्यादेबाहेर चाललं. रोज चार-पाच वेळा वापरलं की सॉकेट तापतं, पिवळं पडतं, प्लास्टिकचा वास येतो. आमच्या मजल्यावर एका खोलीत असंच झालं. रात्री नऊला फट्कन आवाज आला आणि अख्खा मजला अंधारात गेला. ऑपरेशन झालेली माणसं होती खोल्यांमध्ये.

म्हणून मोठं, 16 अँपिअरचं सॉकेट कुठे आहे ते आधी शोधा. गिझरजवळ किंवा दाराच्या मागे असतं. पण बाथरूमच्या आतल्या सॉकेटवर केटल लावू नका. खोलीत मोठं सॉकेट नसेल तर 600 ते 800 वॅटची छोटी केटल घ्या. पाणी उकळायला जास्त वेळ लागतो, बाकी काही बिघडत नाही. महाराणी रोडला विजेच्या वस्तूंची दुकानं ओळीने आहेत. तिथे वॅट वाचून, हातात घेऊन घेता येते. एक्स्टेंशन बोर्डावर केटल लावायची नाही, आणि कूलर त्याच बोर्डावर असेल तर मुळीच नाही.

आणि चार गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करू नका. बादलीत घालायचा हीटरचा रॉड खाण्याच्या भांड्यात घालणं. इस्त्री उलटी करून त्यावर पोळी गरम करणं. बंद खोलीत छोटा गॅस किंवा स्पिरिटचा दिवा पेटवणं, कारण बंद जागेत जळणाचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. आणि केटलमध्ये दूध उकळणं: खाली करपतं, वर उतू जातं आणि केटल कायमची जाते.

केटलशिवाय दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, पाऊण ते एक लिटरचा. चांगला घ्या, स्वस्तातला दोन तासांत गार होतो. राजवाड्याजवळ बर्तन बाजार आहे, तिथे झाकणाचे डबे आणि वाट्याही वजनावर मिळतात. याशिवाय एक मोठा डबा, दोन ताटल्या, दोन वाट्या, चमचे, छोटी सुरी, एक पाट किंवा फळी, दोन स्वच्छ पंचे. बस. जास्त भांडी आणलीत तर ती घासायची कुठे हा प्रश्न येतो.

घरून काय करून आणायचं

निघायला एक दिवस जरी असला तरी घरातल्या बाईमाणसांना, आणि येत असेल तर पुरुषांनाही, एवढं करून घ्यायला लावा.

खिमटाची भरड सगळ्यात आधी. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायची आणि मिक्सरमधून रव्यासारखी भरडायची. थोडं जिरं भाजताना घाला. लहान बाळासाठी करतात तेच. डबा घट्ट असेल तर महिनाभर काही होत नाही.

दुसरं, फोडणीचं तेल. वाटीभर तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि कढीपत्ता घाला. कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळा, पाण्याचा अंश राहता कामा नये. गार झाल्यावर कोरड्या बाटलीत भरा. त्यात लसूण घालू नका. ओला लसूण तेलात बुडून उन्हाळ्याच्या खोलीत पडून राहिला तर त्यातून विषबाधेचा धोका असतो. हे तेल असलं की खोलीत फोडणी देता येत नाही याचं दुःख राहत नाही. दहीपोह्यावर, कोशिंबिरीवर, भातावर चमचाभर घातलं की वास तोच, घरचा.

तिसरं, उपम्याचं कोरडं मिश्रण. रवा तुपावर चांगला भाजून त्यातच मोहरी-उडदाच्या डाळीची फोडणी, मीठ, चिमूटभर साखर. पूर्ण गार करून भरा.

शिवाय मेतकूट, सातूचं पीठ, दाण्याचं कूट, शेंगदाण्याची चटणी. दशम्या दोन दिवसांसाठीच, त्यापुढे उन्हाळ्यात बुरशी धरतात. वेळच मिळाला नसेल तर रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या मराठी वस्त्या इथे आहेत. मेतकूट आणि सातूसाठी तिकडे चौकशी करा.

बाजार

किराण्याला सियागंज. स्टेशनपासून पायी जाता येतं. हा घाऊक बाजार आहे, पण बरेच दुकानदार किलो-अर्धा किलोही देतात. पातळ पोहे मागताना "पतला पोहा" म्हणा. इंदूरला नाश्त्याचे पोहे जाड असतात आणि न सांगता मागितले तर तेच देतील. मुरमुऱ्यांना इथे "परमल" म्हणतात, मुरमुरे मागून दोन दुकानं फिरलात तर थांबा आणि परमल मागा. घोसाळ्याला "गिलकी", मटाराला "बटला". भाजीसाठी नंदलालपुऱ्याची मंडी जवळ पडते. लॉजवर राहताना भाजी म्हणजे काकडी, टोमॅटो, कांदा, लिंबू, कोथिंबीर, गाजर, बीट. शिजवावी लागणारी भाजी घेऊच नका.

दही इथे डेअरीवर सुटं, वजनावर मिळतं. हे लॉजवाल्याला वरदान आहे. "पाव किलो जमा हुआ दही" म्हणायचं, आपला डबा पुढे करायचा. फक्त त्या जेवणापुरतं घ्यायचं. दुधाचं तसंच, सांचीची अर्ध्या लिटरची पिशवी उन्हाळ्यात खोलीत टिकत नाही, म्हणून मी दुधाची पावडर ठेवली होती. रात्री बाबांना गरम दूध हवं असलं तर कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याच्या कढईतलं ग्लासभर आणायची. इंदूरला रात्री कढईत आटणारं दूध बऱ्याच ठिकाणी मिळतं. साखर आधी घातलेली असते, मधुमेह असेल तर तेवढं विचारा.

खिमट

आमच्या महिन्याचा आधार हाच होता, म्हणून नीट सांगते.

थर्मास आधी तापवायचा. ही पायरी गाळली तर सगळं फसतं. उकळतं पाणी काठोकाठ भरा, झाकण लावा, पाच मिनिटं ठेवा, मग ओतून द्या. (ते पाणी फुकट घालवू नका, भांडी विसळायला वापरा.) तोवर वाटीत चार मोठे चमचे भरड, मीठ आणि भिजेल एवढंच पाणी घालून गुठळ्या मोडून घ्या. ती पेस्ट थर्मासमध्ये ओता. केटलचं पाणी पुन्हा खळखळून उकळवा आणि लगेच, बुडबुडे दिसत असतानाच, दोन कप ओता. लांब चमच्याने ढवळा, झाकण घट्ट लावा, दोनदा जोरात हलवा आणि थर्मास आडवा करून पंच्यात गुंडाळून ठेवा. आडवा ठेवल्याने भरड तळाशी बसून राहत नाही. 40 मिनिटांनी उघडा.

पहिल्यांदा उघडला तेव्हा वाफेबरोबर भाजलेल्या तांदळाचा वास आला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा आपण होऊन उठून बसले. वाटीत साजूक तूप घातलं, चिमूटभर मेतकूट पसरलं, मग आठवलं की मेतकुटात मिरची आहे, ते वरचं काढून टाकलं आणि नुसतं तूप-मीठ ठेवलं. त्यांनी फुंकर घालत अख्खी वाटी संपवली. वीस मिनिटं लागली, पण संपवली.

तोंड आलेलं नसेल तर यावर फोडणीचं तेल, मेतकूट, लिंबू काहीही चालतं. पेशंटसाठी मात्र डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच काय ते द्या. गिळायला त्रास असेल तर किती पातळ हवं ते तेच सांगतात. आणि खिमट गरम-गरम नको, कोमट द्या.

भरड नसेल तर तांदळाची कणी आणि मुगाची डाळ तास-दीड तास भिजवून याच रीतीने थर्मासमध्ये घाला. वेळ सव्वा तास लागेल, आणि मधे एकदा पाणी उकळवून थोडं वर घालावं लागेल. डाळ बोटाने दाबून बघा, दाणा लागला तर खाऊ नका, आणखी ठेवा.

इथे एक इशारा. डाळ झाली म्हणून राजमा करून बघू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जायला भिजवलेला राजमा कमीत कमी दहा मिनिटं खळखळ उकळावा लागतो. थर्मासमध्ये पाण्याचं तापमान उतरत जातं, आणि अशा अर्धवट उष्णतेत तो राजमा जास्तच घातक होतो. उलट्या थांबत नाहीत. छोले, राजमा, वाटाणे खोलीत नकोत.

दडपे पोहे

हे माझं स्वतःचं जेवण. रोज सकाळी बाबांना शेकाला सोडण्याआधी करून झाकायचे आणि परत आल्यावर खायचे, असं मी दोन-तीन दिवस केलं. ते चुकीचं होतं. कापलेला कांदा-टोमॅटो तीन तास उन्हाळ्याच्या खोलीत ठेवू नये. आल्यावरच करा, अर्धा तास पुरतो.

दोन वाट्या पातळ पोहे चाळून डब्यात घ्या. एक कांदा बारीक चिरा, अर्धी काकडी चोचवा किंवा अगदी बारीक चिरा, एक टोमॅटो, कोथिंबीर. कांदा-काकडीवर मीठ घालून पाच मिनिटं ठेवा म्हणजे पाणी सुटेल. हेच पाणी पोह्यांना भिजवतं, म्हणून ते ओतून देऊ नका. आता सगळं पोह्यांवर घालून अर्धं लिंबू पिळा, चिमूटभर साखर, दोन चमचे दाण्याचं कूट. हाताने हलकेच मोकळं करत कालवा. पोहे बोटांना आधी कोरडे, खरखरीत लागतात, मग हळूहळू मऊ होत जातात. तेव्हा थांबा. ताटली दाबून बसवा, वर पाण्याची भरलेली बाटली ठेवा. 20 मिनिटं. उघडलं की चमचाभर फोडणीचं तेल. कोकणातल्या घरी यात ओला नारळ असतो, तो मिळाला तर छानच. खानदेशात आम्ही कुटावरच वाढलो, कुटाचे काही वाईट लागत नाहीत.

वरून थोडं जिरावण घाला. इंदूरच्या पोह्यांवर भुरभुरतात तो आंबट-तिखट मसाला. पाव किलोची पुडी घेऊन ठेवली तर काकडी, दही, उकडलेला बटाटा, सगळ्यावर चालतो. कंटाळा आला की परमल, शेव, कांदा, टोमॅटो, जिरावण: आपला भत्ताच तो.

बाकीचं, थोडक्यात

उपमा: एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, ढवळून आठ-दहा मिनिटं झाकायचं. डबा पंच्यात गुंडाळला तर जास्त मऊ होतो.

सातू: चार चमचे पीठ, गूळ, दूध किंवा गार पाणी. भूक लागली आणि हात हलत नाहीत अशा रात्री हेच. हॉस्पिटलच्या लाइनीत बाटलीत भरूनही नेता येतं, पण तासाभरात संपवा.

मटकीला मोड: रात्री भिजवा, सकाळी पंच्यात बांधून खिडकीशी टांगा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. मोड आल्यावर तापवलेल्या थर्मासमध्ये उकळत्या पाण्यात अर्धा तास. मग पाणी काढून कांदा-लिंबू. शेक किंवा केमो चालू असलेल्या माणसाला मोडाचं कडधान्य देऊ नका. मोड ज्या ओलाव्यात आणि उबेत येतात, त्यातच जंतूही वाढतात, आणि त्यांची प्रतिकारशक्ती त्या काळात कमी असते.

अंडी चालत असतील तर स्वतःच्या केटलमध्ये उकडा. पाणी उकळल्यावर केटल आपोआप बंद होते, म्हणून दोन-तीनदा चालू करावी लागते. झाकून बारा मिनिटं ठेवा. लॉजने दिलेल्या केटलमध्ये अंडी कधीच नाही. पुढचा माणूस त्यातच चहाचं पाणी ठेवणार आहे, आणि त्याला ते माहीत नसणार.

काय विकत घ्यावं

पोळी खोलीत होत नाही, त्याचा हट्ट सोडा. भोजनालयातून नुसत्या तवा रोट्या आणि सादा भात पार्सल मिळतो. "बिना घी की चार रोटी, सब्जी नहीं चाहिए" म्हटलं की पहिल्या दिवशी जरा बघतात, तिसऱ्या दिवशी न विचारता बांधून देतात. गरम भातावर खोलीतलं दही, मीठ आणि फोडणीचं तेल, सोबत काकडी. रोट्यांबरोबर दाण्याची चटणी, कोशिंबीर, केळं. बऱ्हाणपूरकडची केळी इथे भरपूर येतात आणि सगळ्यात स्वस्त फळ तेच.

सकाळचा नाश्ता बाहेर करायला माझी काही हरकत नाही. इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, गरम असतात, पोट भरतं. पहाटेपासून मिळतात, म्हणून लवकरच्या नंबरला जाणाऱ्यांची सोय होते. आणि अगदी हात टेकले तर इमली साहिब गुरुद्वारात लंगर असतो. तिथे जाऊन बसायला लाज वाटून घेऊ नका. डोकं झाकायचं, हात धुऊन पंगतीत बसायचं, हवं तेवढंच घ्यायचं.

टिकवणं

खोलीत फ्रिज नसणं ही सगळ्यात मोठी अडचण आहे, स्वयंपाकघर नसणं नव्हे. मे महिन्यात इंदूरचा पारा 40 च्या वर जातो. साधा नियम: शिजलेलं किंवा कालवलेलं काहीही दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, कडक उन्हाळ्यात तासभर. भाताबद्दल विशेष सांगते, कारण आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची सवय. तांदळातल्या एका जंतूची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात टाकताना जीव तुटतो, म्हणून आधीच कमी मागवा.

माठ घ्या. लहान माठाला ओला पंचा गुंडाळून कूलरच्या वाऱ्यात ठेवला की त्यातली काकडी, लिंबू, कोथिंबीर दोन दिवस ताजी राहते. दही-दुधाला मात्र हा उपाय धरून चालू नका.

प्यायचं पाणी उकळून घ्या, नळाचं असो की टाकीचं. केटल बंद झाल्यावर झाकण न उघडता तसंच गार होऊ द्यायचं आणि झाकणाच्या भांड्यात भरायचं. रात्री झोपताना एक केटल उकळून ठेवली की सकाळची सोय होते.

गूळ, साखर, सातू घट्ट झाकणाच्या डब्यांत. एक दाणा जरी सांडला तरी मुंग्यांची रांग लागते आणि मागोमाग झुरळं. पेशंटच्या पलंगाजवळ खाऊच नका, टेबलावर खा.

धुणं आणि कचरा

भांडी बेसिनमध्ये घासू नका. आधी उरलंसुरलं कागदाने पुसून ओल्या कचऱ्यात, मग बादलीत थोडं गरम पाणी आणि साबण. पोह्याचे कण आणि कांद्याची सालं एकदा का नळीत अडकली की मॅनेजर केटलची परवानगीही काढून घेतो, आणि ती तुमच्या एकट्याची जात नाही, सगळ्या मजल्याची जाते.

कचऱ्याबाबत इंदूर फार काटेकोर आहे. 2017 पासून हे शहर वर्षानुवर्षं देशात स्वच्छतेत पहिलं येत आहे, ते लोकांनी घराघरात कचरा वेगळा केला म्हणून. ओला वेगळा, सुका वेगळा, पॅड-डायपर-मलमपट्टी वेगळी. ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस होतो. 2022 मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 550 टनांची होती. तुमच्या काकडीची सालं तिथे जाणार आहेत, त्यात प्लास्टिकची पिशवी टाकू नका. सकाळी गाडी येते तिचं गाणं लांबून ऐकू येतं. मी डबा घेऊन खाली उतरायची, तेव्हा बाकीच्या खोल्यांतल्या बाया तिथेच भेटायच्या. कुणाला कुठली तपासणी, कुणाला आज सुट्टी, सगळं त्या पाच मिनिटांत कळायचं. एकमेकींच्या केटल, लिंबं, दह्याचे डबे तिथूनच फिरू लागले.

निघताना

शेवटच्या आठवड्यात किराणा भरू नका. उरेल तेवढंच खा. परतीच्या बससाठी थर्मासमध्ये उकळतं पाणी, एका डब्यात उपम्याचं मिश्रण आणि चार केळी घेतली की बिजासनच्या घाटाखाली उतरेपर्यंत कुठे थांबायला नको.

तिसावा शेक झाला त्या संध्याकाळी मी केटल, अर्धा डबा भरड आणि माठ समोरच्या खोलीतल्या खरगोनच्या काकूंना दिला. त्यांच्या यजमानांचे अजून 22 शेक बाकी होते. थर्मास आधी कसा तापवायचा ते त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं आणि त्यांच्या खोलीतलं मोठं सॉकेट कपाटाच्या मागे आहे, तेही दाखवून आले.